दुसरं पिल्लू

सहामाहीचे पेपर तपासत बाल्कनीत बसले होते. खालून गवताने भरलेला टेम्पो गेला. विरारच्या आमच्या रस्त्यावरचे खड्डे, रिक्षा आणि पाणीपुरीची गाडी चुकवत तो पुढे निघून गेला, आणि मागे वास राहिला. वाळत आलेल्या गवताचा, थोडा गोड, थोडा धुळकट. मी पेन खाली ठेवलं. हातात भूगोलाचा पेपर होता. प्रश्न असा होता: एखाद्या वनप्रदेशात उद्योग, वन्यजीव आणि पर्यटन यांचा समतोल कसा साधाल? मुलीने उत्तर एका ओळीत संपवलं होतं. ‘तिघांनी समजुतीने घ्यावे, म्हणजे समतोल आपोआप साधला जातो.’

पूर्ण मार्क द्यायला हवे होते. पुस्तकात तरी दुसरं काय आहे? मीच वर्गात शिकवते ते. फळ्यावर तीन गोल काढते, एकमेकांवर थोडे चढलेले, आणि मधल्या जागेत खडूने रेघोट्या मारते. पण वास अजून नाकात होता, आणि त्या रेघोट्यांच्या जागी काय असतं ते मी पाहिलेलं आहे. मी उत्तरावर लाल फुली मारली. मग खोडली. त्या मुलीचा काय दोष? तिला मीच शिकवलं होतं.

माझं माहेर पूर्वेला, चांदीपच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. गावाचं नाव सांगणार नाही. सांगितलं तर रविवारी तुम्ही याल. राग मानू नका. किंवा माना, मला फरक पडत नाही. तुम्ही चांगली माणसं आहात, घरी प्लास्टिक वेगळं ठेवता, झाडं लावता, हे सगळं मला ठाऊक आहे. चांगल्या माणसांनी आमच्या डोंगराचं जेवढं केलं तेवढं वाईट माणसांना जमलं नसतं.

गवताचा हंगाम हा शब्दच आता कुणाला कळत नाही. आंब्याचा कळतो, मासळीचा कळतो. आमच्याकडे दसऱ्याला भात घरात यायला लागलं की डोंगरउताराकडे नजर जायची. पावसाळाभर तिथे गवत माणसाच्या डोक्याइतकं वाढलेलं असतं. आधी हिरवं, मग टोकाला गुलाबीसर, आणि दिवाळीच्या सुमाराला सगळा उतार तांबूस. तो तांबूस झाला की कापायचा. आठवडा उशीर झाला तर काड्या होतात, अवकाळी पाऊस आला तर गवत काळं पडतं, आणि काळं गवत म्हैस हुंगतसुद्धा नाही. मुंबईच्या तबेल्यांना आमच्या डोंगराचं गवत जायचं. तुम्ही लहानपणी ज्या दुधावरची साय खाल्ली असेल ती कदाचित आमच्या उतारावरून आली असेल. उपकार म्हणून सांगत नाही. नुसतं माहीत असावं.

जव्हारकडून कापणारी कुटुंबं यायची. आमच्या अंगणाच्या कडेला त्यांच्या चुली पेटायच्या, सुकट भाजल्याचा वास यायचा. सकाळी दव असेपर्यंत उतार गप्प. मग विळ्यांचा एकसारखा आवाज सुरू व्हायचा, आणि दुपारपर्यंत वाऱ्याची दिशाच बदलल्यासारखी वाटायची, कारण जिथे गवत वाजत होतं तिथे आता काहीच वाजत नसे. संध्याकाळी बायका ओटीवर बसून लुगड्यांच्या काठांतली कुसळं वेचायच्या. मी पोटऱ्यांना खोबरेल तेल लावायची आणि तरी रात्रभर खाजवायची. गवताच्या गंजीत पाठ टेकून बसलं की आतून ऊब यायची. ती ऊब मला कुठल्याही गादीत सापडलेली नाही.

कापणीचा एक रिवाज होता, आणि तो आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. गवत कधी चारी बाजूंनी आत कापत न्यायचं नाही. एका अंगाने सुरुवात करायची आणि ओहोळाकडचं अंग शेवटाला ठेवायचं. गवतात ससे असतात, साप असतात, लाव्यांची पिल्लं असतात. डुक्कर असतं, आणि कधी कधी वाघ असतो. आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. जे कोणी आत असेल त्याला बाहेर पडायला दार हवं. ओहोळाच्या काठाचा पट्टा हे ते दार. तो थेट वर अभयारण्याच्या झाडीपर्यंत जातो. त्यात कुणाची दया वगैरे नव्हती. कोंडलेलं जनावर अंगावर येतं, एवढा साधा हिशोब होता. माझी आई तर दयेच्या वाऱ्यालाही उभी राहिली नसती. बाबा गेल्यावर तिने गवताचा सगळा कारभार हाती घेतला, तबेलेवाल्यांशी हिंदीत भांडायला शिकली, आणि तिच्या शिव्या ऐकून टेम्पोवाले सरळ उभे राहायचे.

आता डोंगराची मांडणी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मधोमध आमचा उतार. पश्चिमेला खदान. पूर्वेला, ओहोळाच्या वरच्या टोकाला, अभयारण्याची झाडी. पायथ्याला रिसॉर्ट. मी फळ्यावर काढते ते तीन गोल हेच. आणि जिथे ते एकमेकांवर चढतात तिथे आमचं घर.

खदान माझ्या लग्नाआधीपासूनची. आधी एक टेकाड गेलं, मग त्याच्यामागचं. दुपारी भोंगा व्हायचा, मग सुरुंग, मग भांडी मांडणीवर थरथरायची. क्रशरची धूळ गवतावर बसायची. तबेल्याचा माणूस मूठभर गवत तळहातावर चोळायचा, करडी पूड दाखवायचा आणि म्हणायचा, “चाची, भैंस को पत्थर खिलाऊं क्या?” आई त्याला शिव्या द्यायची, मग घरात येऊन खदानवाल्यांना द्यायची. पण मी ज्या इमारतीत राहते तिची खडी कुठून आली, हे मला कुणी विचारू नये. मीही तुम्हाला विचारत नाही. वसई-विरारमधली एकेक इमारत उभी राहिली तसा आमचा एकेक उंचवटा बसला, आणि आता त्याच इमारतींच्या गच्चीवरून लोक विचारतात की पूर्वी इथून डोंगर छान दिसायचा म्हणे.

रिसॉर्ट नंतर आलं. नाव निसर्गावरूनच, सगळ्यांचंच असतं. टाळेबंदी उठली आणि त्यानंतरच्या पहिल्या दिवाळीत माणसं अशी सुटली की जणू दावणीची गुरं. निसर्ग, निसर्ग. गाड्यांची रांग आमच्या खळ्यापर्यंत. आमच्या गवतात शिरून फोटो काढायचे आणि मोजे कुसळांनी भरले की ओरडायचे. एका बाईने आईला विचारलं, “काकी, हे गवत असंच ठेवता नाही का येणार? कापल्यावर किती बोडकं दिसेल!” आईने तिला नखशिखांत न्याहाळलं. “मग म्हशीला तुमचे फोटो देव का खायाला?”

त्या वर्षीची ही गोष्ट. मी सुट्टीला माहेरी होते. उतार निम्म्यावर कापून झाला होता. दुपारी विळ्यांचा आवाज एकदम थांबला. शांतता अशी पसरली की मी चुलीपुढून उठून बाहेर आले. वरून कापणारी एक बाई हात आडवे पसरून मागे मागे येत होती, आणि तिच्यामागे बाकीचेही. कुणी पळत नव्हतं. ती आईजवळ आली आणि हळूच म्हणाली, “बाय, पोरं हायत तथं. दोन. डोळं नुकतंच उघाडलंय.”

आईने त्या दिवशीची कापणी बंद केली. ज्या झुडपाशी पिल्लं होती त्याच्या भोवतीचं गवत तसंच, आणि तिथून ओहोळाच्या काठाने वर झाडीपर्यंतचा पट्टाही तसाच. असं झालं की असंच करायचं असतं. वाघीण एकेक पोर तोंडात धरून नेते, मांजरासारखी. तिला दोन खेपा कराव्या लागतात. तिला आडोसा लागतो, आणि आपण तिथे नसणं लागतं. एवढंच. यात समजुतीने घेण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा दुर्बिणीतून बघून आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, बाळू. तोंडभर हसत होता. एक पोर नेलं होतं. एकच उरलं होतं. आई देवाला नमस्कार करत नाही सहसा, पण त्या सकाळी तिने चहाचा पहिला घोट घेण्याआधी डोंगराकडे बघून हात जोडले. “आज दुसरा नेल,” ती म्हणाली. “आईच ती. इसरनार नाय.”

आणि त्याच सकाळी रिसॉर्टचा मॅनेजर आला.

हा माणूस मला अजूनही आवडत नाही, आणि त्याचं कारण तो वाईट नाही हेच आहे. वाईट असता तर आईने विळा दाखवला असता. तो नम्र आहे. चपला बाहेर काढतो. पाणी मागून पितो, भांडं स्वतः मोरीत नेऊन ठेवतो. गावातल्या कुणीतरी त्याला पिल्लांचं सांगितलं होतं. तो म्हणाला, “आपण सगळे मिळून यातून छान मार्ग काढू. कुणाचंच नुकसान नको.” आणि रिसॉर्टच्या हिरवळीवर सगळ्यांना चहाला बोलावलं.

त्या हिरवळीवरची ती बैठक मी अजून विसरलेली नाही. पांढऱ्या खुर्च्या. खदानीचा सुपरवायझर, वनखात्याचा एक तरुण रक्षक, मॅनेजर, दादा, आई आणि मी. बिस्किटं होती. कुणीही आवाज चढवला नाही. प्रत्येकाने थोडं थोडं सोडलं, आणि प्रत्येक वेळी मॅनेजर म्हणायचा, “बघा, किती सोपं आहे.” खदानीचा माणूस म्हणाला, चारनंतर सुरुंग लावणार नाही. पण दिवाळीच्या गर्दीने रस्ता अडतोय, तेव्हा डंपर चार दिवस ओहोळाच्या काठाने जाऊ द्या. रक्षक म्हणाला, पिल्लावर लांबून लक्ष ठेवायला हवं, पण पट्ट्याच्या गवतामुळे काहीच दिसत नाही. मॅनेजर म्हणाला, आमच्या उंचवट्यावरून बघा, पाहुणेही बघतील, एकदम शांतपणे, लोकांमध्ये जागृतीच होईल. फक्त मधलं गवत आड येतंय. आणि दादा म्हणाला, आभाळ भरून येतंय, तबेल्याच्या गाड्या ठरल्यात, कापणारे घरी जायचं म्हणतायत, पट्ट्याचंच गवत सगळ्यांत चांगलं आहे.

सगळ्यांचं बोट एकाच जागेवर आलं. पट्टा.

“पिल्लाची जागा आपण अजिबात हलवत नाही,” मॅनेजर म्हणाला. “चारी बाजूंनी रिबन बांधू. तिथे माशीही जाणार नाही.”

मी म्हटलं, “आणि ती येणार कुठून?”

“मॅडम, तुम्ही तर टीचर आहात,” तो हसून म्हणाला. “थोडा समतोल ठेवायला लागतो ना सगळ्यांचाच.”

आई दादाशी भांडली. तिथेच, बिस्किटांसमोर. “पट्टा शेवटाला कापतात, तुला म्हाईत नाय? तुझा बाप काय शिकवून गेला तुला?” दादा म्हणाला, “आई, बाबा असताना अशी अवकाळी येत होती का? गवत काळं झालं तर वर्षभर काय खायचं? आणि पोराला कुठे हात लावतोय आपण?” तोही खोटं बोलत नव्हता. आभाळ खरंच भरलं होतं. आई त्या दिवसांत गुडघ्याने बेजार होती, रात्रभर झोपलेली नव्हती, आणि सगळे इतक्या गोड आवाजात बोलत होते की शिवी द्यायला जागा मिळेना. ती खुर्चीच्या हाताला धरून उठली आणि म्हणाली, “करा तुमचा काय ता.”

आमच्याकडे याचा अर्थ ‘मरा’ असा होतो. पण बैठकीत त्याचा अर्थ ‘हो’ असा झाला.

दुपारपर्यंत पट्टा कापून झाला. मी ओटीवरून बघत होते. सगळा उतार बोडका, आणि त्याच्या मधोमध गवताचं एक बेट, चारी बाजूंनी लाल-पांढरी रिबन बांधलेलं. फार नीटनेटकं दिसत होतं. कुणी फोटो काढला असता तर म्हणाला असता, किती छान जपलंय.

संध्याकाळी उंचवट्यावर खुर्च्या मांडल्या. पाहुणे आले, कांदाभजी आली, सगळे खरोखर कुजबुजत होते. मॅनेजर ओठांवर बोट ठेवून फिरत होता. खाली ओहोळाच्या काठाने डंपर जात होते, पण हळू, हॉर्न न वाजवता. तसं ठरलं होतं. उन्हं उतरली आणि बेटातून पिल्लू बोलायला लागलं. आवाज केवढासा. चिवचिव आणि म्याव यांच्या मधलं काहीतरी. पाहुण्यांमधली एक मुलगी म्हणाली, “ऑ, सो क्यूट!”

मग झाडीच्या कडेवरून तिचा आवाज आला. करवतीने ओंडका कापावा तसा, खरखरीत, थांबून थांबून. उंचवट्यावर सगळ्यांच्या अंगावर काटा आला. पुढच्याला मागच्याने दंडाला धरलं, फोन वर झाले. आवाज झाडीच्या कडेने डावीकडे सरकला. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे. पिल्लू प्रत्येक वेळी उत्तर देत होतं. मी मॅनेजरजवळ जाऊन म्हटलं, “उठवा यांना. आत्ता.” तो कुजबुजत म्हणाला, “मॅडम, आपण अगदी सायलेंट आहोत.” मी म्हटलं, “तुमच्या बायकोला भर रस्त्यात, असे पन्नास जण भजी खात बघत असताना, पोराला पाजायला बसवा.” हे मात्र मी मोठ्याने म्हटलं. लोकांनी वळून पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल खरी नाराजी होती, कारण मी शांतता भंग केली होती.

सकाळी दादा आणि रक्षक ठसे बघायला गेले. मीही गेले. झाडी संपते आणि कापलेलं सुरू होतं त्या रेषेवर जमीन तुडवून तुडवून मऊ झाली होती. ती तिथून पुढे आलीच नव्हती. इकडून तिकडे, तिकडून इकडे, पुन्हा इकडून तिकडे. खाली काठावर डंपरच्या चाकांचे ठसे. दादा खाली बसला आणि बराच वेळ उठला नाही.

पुढच्या संध्याकाळी कुणालाही वर बसू दिलं नाही. खुद्द रक्षकाने दटावून खुर्च्या उचलायला लावल्या. पण आता उतारावर लपायला काडीही नव्हती. झाडीतला आवाज आला तो लांबून. त्यानंतरच्या दिवशी आलाच नाही. पिल्लाने बोलणं बंद केलं होतं. रक्षकाने ते आपल्या जॅकेटात गुंडाळलं आणि खोक्यात ठेवलं. तो सोलापूरकडचा होता, तिशीच्या आतला. जीपमध्ये बसताना मला म्हणाला, “ताई, आता सगळे मला सांगतील, जीव तरी वाचला. तुम्ही नका सांगू.”

आणि पाऊस? आलाच नाही. दोन दिवस आभाळ भरून राहिलं आणि निघून गेलं. पट्टा महिनाभर उभा राहिला असता तरी काडीचं नुकसान नव्हतं. हे दादाला कळलं होतं, आईलाही कळलं होतं.

ते पिल्लू जिवंत आहे, हे मला लोक नेमाने सांगतात. मोठं झालं आहे. एका केंद्रात पिंजऱ्यात आहे, चांगलं खायला-प्यायला मिळतं. जंगलात सोडता येत नाही, कारण त्याला जंगल शिकवायला कुणी नव्हतं. लोक हे सांगतात तेव्हा त्यांचा स्वर असा असतो की बघा, शेवट गोड झाला. मी ऐकून घेते. कधी कधी ऐकूनही घेत नाही.

आमच्या शाळेत पापडीची फिलोमिना टीचर आहे. तिच्या माहेरची वटारला केळीची बाग. पश्चिमेची हिरवाई वाचली पाहिजे म्हणून मोर्च्याला जाते, चर्चच्या आवारात सभा असली की पहिल्या रांगेत. ती एकदा डबा खाताना मला म्हणाली, “तुमच्याकडे लेपर्ड दिसतो म्हणे. आमच्या महिला मंडळाची ट्रिप काढू का?” मी म्हटलं, “काढ ना. फक्त तुझ्या वटारच्या बागेतून आमच्या बसला रस्ता दे. मधल्या दोन ओळी केळी तोडल्या की झालं. बाकी बागेला आम्ही रिबन बांधू.” तिने हातातला घास परत डब्यात ठेवला. मग डबा बंद केला आणि म्हणाली, “सॉरी गो.” त्यानंतर तिने कधी ट्रिपचं नाव काढलं नाही. सगळ्या वसईत मला समजून घेणारी ही एक, आणि तिलाही समजावायला मला तिची केळी तोडावी लागली.

मला रागाचा कंटाळा येत नाही, हे माझ्या नवऱ्याला पटत नाही. तो म्हणतो, सगळेच नाइलाजाने करतात. खरंच आहे. खदानवाल्याचे मजूर आहेत, रिसॉर्टमध्ये आमच्याच गावची पोरं वाढपी आहेत, वनखात्याला माणसं कमी, दादाला संसार आहे. कुणीही पिल्लू मारलं नाही. प्रत्येकाने फक्त दार काढून नेलं, आणि तेही एक एक फळी. आता मला सगळीकडे तेच दिसतं. अभयारण्य आहेच की. पाटी आहे, हद्दीचे दगड आहेत, आत हात लावायची बंदी आहे. आणि बाहेर चारी अंगांनी सगळं कापलेलं. आतल्यांनी आतच राहायचं आणि रविवारी दिसायचं. याला जपणं म्हणतात, आणि मी ते वर्गात शिकवते, महिन्याच्या महिन्याला पगार घेते.

पेपर तपासून झाले आणि दिवाळीला गावी गेले. उतार कापला जात होता. आता तबेल्यांचं गिऱ्हाईक कमी आहे, कापणारेही थोडेच येतात, तरी आई हंगाम सोडत नाही. पण त्या वर्षापासून पट्ट्याला विळा लागलेला नाही. दादाने दरवर्षी एकदा विचारायचं आणि आईने एकदा शिवी द्यायची, मग दादाने वणवा लागू नये म्हणून पट्ट्याच्या दोन्ही कडांनी गवत जाळून मोकळी वाट करायची. एवढं ठरलेलं. पट्टा डोक्यावर वाढलेला होता, तांबूस, आणि वाऱ्याने वाजत होता. आसपास बाकी सगळं गप्प. त्यातून आता काय येतं-जातं ते आम्ही बघायला जात नाही. न बघणं हीच अट आहे.

तिसऱ्या प्रहरी मॅनेजर आला. केस पांढरे झालेत त्याचे. चपला बाहेर काढल्या, पाणी मागून प्यायला. सोबत गुंडाळी केलेलं एक रंगीत चित्र होतं, ते त्याने आईसमोर पसरलं आणि चार कोपऱ्यांवर चार कप ठेवले.

“आजी, तुम्हाला आवडेल बघा हे. त्या घटनेची आठवण म्हणून आपण इथे बिबट्याचं कुटुंब उभं करतोय. आई आणि दोन पिल्लं. फायबरचं, पण अगदी खरं वाटेल. लहान मुलांना माहिती मिळेल, निसर्गाबद्दल प्रेम वाटेल. फक्त तिथपर्यंत जायला छोटी वाट लागेल. या पट्ट्यातून. बाकी तुमच्या गवताला आम्ही हात लावणार नाही. बाळूशेठशी माझं बोलणं झालंय.”

दादा आईकडे न बघता चित्राकडे बघत होता. म्हणजे बोलणं झालं होतं. दादाच्या मुलाला रिसॉर्टमध्ये नोकरी हवी आहे, हे मला नंतर वहिनीने सांगितलं. पट्टा आईच्या नावावर आहे, आई पंच्याहत्तरीच्या पुढे आहे, आणि आईने एकदा ‘करा तुमचा काय ता’ म्हटलेलं आहे. सगळे ते पुन्हा ऐकायला थांबले होते. मीही थांबले होते, कारण तिचे गुडघे आता पूर्वीपेक्षा जास्त दुखतात आणि मॅनेजरचा आवाज पूर्वीपेक्षा जास्त गोड झाला आहे.

आई चित्रावर वाकली. वाघिणीच्या पोटाशी दोन गुबगुबीत पिल्लं काढलेली होती. ती दोन्ही तिने बोटाने मोजली.

“दोन तिच्याकडं कवा ऱ्हायली?” ती म्हणाली.

मॅनेजर हसला. “आजी, कलाकृती आहे ती.”

“मग असा कर. वाघीन त्या अंगाला ठेव, वर झाडीपाशी. एक पोर तिच्याजवळ. दुसरा पोर इथं खाली ठेव. नि मधी तुजा रस्ता.”

दादाची मान खाली गेली. मॅनेजर मात्र चित्राकडे बघत विचार करत राहिला, आणि मग त्याचा चेहरा खरोखर उजळला. “वा, आजी! भारी कल्पना आहे. म्हणजे दोन पॉइंट होतील. लोक दोन्हीकडे फोटो काढतील, गर्दी पण वाटली जाईल.” त्याने खिशातून पेन काढून चित्रावर तशी खूणही केली. “मग पट्ट्याचं नक्की समजू ना?”

आईने चारी कप एकेक करून उचलले. चित्र आपोआप गुंडाळलं गेलं. ते तिने त्याच्या हातात दिलं, आणि दादाला म्हणाली, “बाळू, याला सडकेपर्यंत सोडून ये. घराच्या मागनं ने. पट्ट्यातनं नको. ती वाट याची नाय.”

दादा क्षणभर बसून राहिला. मग उठला, आणि मॅनेजरला घराच्या मागून घेऊन गेला.